संक्रांतीचं पाणी

गोदाबाईच्या घरात दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही शेषरावांनीच आणून दिलेल्या होत्या, पोरीच्या अभ्यासासाठी. एक बसायला आणि एक, ते म्हणाले होते, "पुस्तकं ठेवाले." आज पहिल्या खुर्चीवर त्यांचा अकोल्याचा मेहुणा गोवर्धन बसला होता आणि दुसरीवर त्याची टोपी. शेषराव खाली सतरंजीवर. शेंदूरजनाघाटला ज्यांच्या संत्र्याच्या बागेतून चालताना लोक चपला हातात घेत, तो माणूस स्वतःच विकत घेतलेल्या खुर्चीसमोर खाली बसला आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही, एवढ्यावरून ओळखावं की प्रकरण साधं नव्हतं.

मॅट्रिकची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. जिला ती द्यायची ती वच्छला समोरच्या भिंतीला टेकून, डोक्यावरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट ओढून बसली होती. मार्चची दुपार, अमरावतीचं ऊन, आणि पोरगी पौषातल्यासारखी गुरफटलेली. शेषरावांनी आल्या आल्या विचारलं होतं, "डोकं दुखते काय वं?" ती म्हणाली होती, "हो." मग त्यांनी विचारलं, "आता बरं वाटते ना पन?" त्यावरही ती म्हणाली होती, "हो." दोन्ही उत्तरं सोयीची असल्यामुळे त्यांनी तिसरा प्रश्न विचारला नाही.

बोलावणं गोदाबाईचं होतं. शेषरावांची ही थोरली बहीण नवऱ्यामागं अमरावतीतच राहिली, अंबादेवीच्या वाटेवर हार विकत राहिली आणि तीन वर्षांपासून भाचीला जवळ ठेवून होती. तिने शेंदूरजनाघाटला आणि अकोल्याला एकच निरोप धाडला होता : पोरीले पाहून जा, लवकर. शेषराव आणि त्यांची बायको रुख्मिणी इनायतुल्लाच्या लॉरीतून आले. इनायतुल्ला व्यापारी, बारा वर्षांपासून शेषरावांचा बहार, म्हणजे झाडावरचं पीक, विकत घेत होता. त्याला खरं तर बाजारात जायचं होतं, पण गोदाबाईने त्याच्या हातात चहाची कपबशी दिली आणि माणूस अडकला.

"मी सरळ सांगतो भाऊजी," गोवर्धन म्हणाला. गोवर्धनमामा सरळ सांगतो म्हणाले की ऐकणाऱ्याने जरा सावध व्हावं, हा त्या घराण्यातला जुना अनुभव होता. "पोट्टी सोळा वर्साची झाली. माह्या पाहन्यात अकोल्याचं एक घर हाये. भाजीचे ठोक व्यापारी. पोरगा चवथी शिकला, पन सोभावानं गरीब. हे पुस्तकं बांधा गाठोड्यात अन् याच वैशाखात उरकून टाका."

"अन् सत्काराचं काय?" शेषराव म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. पोरीची दशा पाहून बापाने उच्चारलेलं पहिलं वाक्य हे होतं, हे त्यांना पुढे कितीतरी वर्षं जेवताना मध्येच आठवत राहिलं आणि घास तसाच हातात राहत गेला. पण त्या घटकेला त्यांना ते रास्तच वाटलं होतं. गुढीपाडव्याला गावात वच्छलेचा सत्कार ठरला होता. सत्कार समितीचे अध्यक्ष वामनराव, मांडव सांगून झालेला, 'आपल्या समाजातील पहिली मॅट्रिक कन्या' असा कापडी फलक रंगवूनही झालेला. परीक्षा व्हायची होती आणि निकाल त्याच्याही पुढे लांब होता, पण तेवढ्यासाठी थांबण्याचं कारण समितीत कुणालाच दिसलं नव्हतं.

तसा शेषरावांचा हेतू वाईट नव्हता. ते सत्यशोधकी जलशांतले माणूस. मुलीला शिकवा असं सांगत गावोगाव हिंडले, आणि इतरांसारखं नुसतं सांगून घरी आले नाहीत, स्वतःची मुलगी शिकवली. फक्त ती शिकते आहे हे लोकांना दिसावं एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती जरा जास्त होती. लग्न असो, बारसं असो, पंगत बसायच्या आधी संत्र्याची पेटी उपडी घातली जायची, वच्छलेला तिच्यावर उभं केलं जायचं आणि शेषराव म्हणायचे, "म्हन." मग ती हात दोन्ही बाजूंना सोडून इंग्रजी म्हणायची. कुणाला काही कळत नसे आणि टाळ्या भरपूर पडत. एकदा ती मधेच विसरली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली; लोकांना ते दुप्पट आवडलं.

"माहं म्हननं एवढंच," शेषराव म्हणाले, "की अकरा दिवस उरले. तीन वर्साची मेहनत हाये. अकरा दिवसासाठी..."

"तिलेच इचारा ना," रुख्मिणी म्हणाली. ती लेकीच्या शेजारी बसली होती, पण तिला हात लावत नव्हती. आल्यावर एकदा लावला होता, तेव्हा पोरीचं अंग लाकडासारखं लागलं होतं.

"इचारतो." गोवर्धन पुढे वाकला. "वच्छे, लगन करतं काय?"

"हो."

गोवर्धनने मांडीवर थाप मारली. "घ्या! अन् आपन भांडून राहिलो."

"थांब, थांब. वच्छला, इकडे पाय. परीक्षा देतं ना तू?"

"हो."

"पाहा!" शेषराव म्हणाले.

"माय, माह्यासंग घरी येतं?" रुख्मिणीने विचारलं.

"हो."

एका शब्दात तिघांचं समाधान करणारी माणसं राजकारणात पुष्कळ असतात, घरात क्वचित. क्षणभर तिघंही आपापल्या परीने खूश होते. गोदाबाई कोपऱ्यात शेवंती ओवत होती. तिने मान वर केली नाही.

"वच्छे," ती म्हणाली, "मांगच्या अंगनातल्या इहिरीत उडी घेतं?"

"हो."

त्याच आवाजात. त्याच वेगाने. इनायतुल्लाने कप बशीत अगदी हळू ठेवला, तरी तो वाजला.

"हे काय इचारनं झालं काय बाई?" शेषराव ओरडले.

"मी आज नाई इचारलं. परवा दिस उगवला, फुलं आनाले निघाली तर ही इहिरीच्या काठाशी. म्हनलं, इथी काहून उभी वं? म्हनली, हो." गोदाबाईने सुई शेवंतीत खोचून ठेवली. "मंग मी दोघायले निरोप धाडला. इहिरीवर फळ्या टाकल्या, वरून पाटा ठेवला. रातची माही बाज दारात आडवी राह्यते. दोन रोज झाले, डोयाले डोया नाई माहा." तिने सुई पुन्हा हातात घेतली. "माही बी चूक हाये. महिनाभर हे 'हो' 'हो' चाललं होतं अन् मी शेजारनीले सांगत फिरली, पोरगी कशी शहानी झाली म्हून. उलटा सबूद नाई म्हनलं."

मग ती उठली आणि आतून उशीचा अभ्रा घेऊन आली. तो तिने सतरंजीवर उपडा केला. आतून केसांच्या गुंडाळ्या पडल्या, सुपारीएवढ्या, हाराचा दोरा गुंडाळतात तशा नीट गुंडाळलेल्या. पंचवीस-तीस तरी असतील.

"रोजची एक," गोदाबाई म्हणाली. "उपटते. भूमिती उघडली का हात डोस्क्यात. मले वाटलं उवा झाल्या, म्हून मी शिककाईनं न्हाऊ घालत राहिली."

रुख्मिणीने तोंडात पदर धरला. वच्छला त्या गुंडाळ्यांकडे पाहत होती, दुसऱ्या कुणाची वस्तू असावी तशी.

"मले कोनी कळवलं काहून नाई?" शेषराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली गेला. कारण कळवलं होतं.

आता इथे थोडं बागेचं सांगणं भाग आहे. संत्र्याचं झाड आपण होऊन मन लावून फुलत नाही. दिवाळीनंतर त्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानतं, पानं मिटतात, काही गळतात. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की तहानलेलं झाड जीव खाऊन फुलतं. शेषराव या कामात इतके तयार की चांदूर बाजारापासून लोक विचारायला येत. आणि जी युक्ती तीनशे झाडांना लागू पडते ती एका पोरीला का पडू नये, असा विचार त्यांनी या दिवाळीत केला. सुटी संपवून वच्छला निघाली तेव्हा त्यांनी पाणी तोडलं. घरचं पत्र बंद, फराळाचा डबा बंद, कुणी भेटायला जायचं नाही. मन इकडेतिकडे झिरपायला नको. मोटारीत बसताना तिने विचारलं होतं, "संक्रांतीले येऊ काय बाबा?" ते म्हणाले होते, "पाहू."

संक्रांतीला त्यांनी बागेचं पाणी सोडलं. पोरीचं सोडलं नाही, कारण तिचा बहार मार्चात होता.

"माघात पत्र धाडलं होतं तुले," गोदाबाई म्हणत होती. "केस गळून राहिले, जेवन तुटलं, म्हून. तुनं जवाबाचं कार्ड धाडलं." तिने कोनाड्यातल्या डब्याखालून कार्ड काढलं.

"बाई, ते नोको," शेषराव म्हणाले.

"वाचा कोनी. मले येत नाई."

गोवर्धनने कार्ड घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि चष्मा अकोल्याला राहिल्याचं जाहीर केलं. तेवढ्यात भिंतीजवळ हालचाल झाली. 'वाचा' हा शब्द ऐकून वच्छला उभी राहिली होती. तिने कार्ड मागितलं नाही. हात दोन्ही बाजूंना सोडले, नजर समोरच्या भिंतीवर जराशी उंच लावली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणू लागली :

"तीर्थरूप गोदाबाई यांस शेषरावचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र पावले. पानगळ झाली म्हणजे पाणी बरोबर तुटले असे समजावे. बहार चांगला येणार. पोरीस घरची आठवण देऊ नये. काळजी नसावी. कळावे."

आणि टाळ्यांसाठी थांबावं तशी थांबली. मग खाली बसली.

"तिले पाठ कसं?" रुख्मिणीने विचारलं.

"या घरात वाचनारं दुसरं कोन हाये?" गोदाबाई म्हणाली. "तिनंच वाचून दाखवलं मले. अन् माघातलं पत्र, ते बी मी सांगतलं अन् तिनं लिवलं."

शेषरावांना ते पत्र लख्ख आठवलं. मजकूर नव्हे, अक्षर. इतकं सुरेख अक्षर होतं की त्यांनी ते वामनरावांना आणि पोस्टमास्तरांना दाखवलं होतं, अक्षरासाठी. 'पोरीचे केस गळून राहिले' ही ओळ तिने मोत्यासारखी काढली होती, आणि काना-मात्रा सुंदर म्हणून ते त्याच ओळीवर बोट ठेवून बोलले होते.

त्यांना वाटलं, आता कुणीतरी ओरडावं. कुणी ओरडलं तर उलट ओरडता येतं. कुणीच ओरडलं नाही.

"शेषरावभाऊ," इनायतुल्ला हळूच म्हणाला, "मी भायेरचा मानूस, बोलू नाई. पन तुमच्या मोटेजवळचं झाड याद हाये? तीन साल झाले."

"हाये."

"पान दिसत नव्हतं, नुसतं फूल. मी म्हनलं, या झाडाचे ज्यादा देतो. तुमीच माहा हात धरला. म्हनले, इनायतभाई, हे फुलनं खुशीचं नोहे. झाड चाललं. मुळ्या गेल्या त्याच्या. अन् गेलंच ते, जून लागायच्या अगोदर." तो वच्छलेकडे न पाहता पुढे म्हणाला, "पौषात पोरगी शाळेच्या परीक्षेत पहिली आली तवा तुमी मले पेढा देला. मी बी खाल्ला. दोन खाल्ले. आपल्याले दोघायले बी समजलं नाई, अन् धंदा हाच आपला."

यावर गोवर्धन खाकरला. गप्प बसणं त्याला कधी मानवलं नव्हतं. "म्हून तर मी म्हनतो. ही गोष्ट अजून पाच मानसायतच हाये. फुटायच्या आत अक्षता टाकून मोकळे व्हा. केस काय, पदराखाली कोनाले दिसते? लगनानं येते ठिकान्यावर."

"गोवर्धनदादा," रुख्मिणी म्हणाली. येताना लॉरीत ती नवऱ्याला सहा कोस ऐकवत आली होती की माझा भाऊ म्हणतो तेच खरं. "ते टोपी उचल."

"काय?"

"खुर्चीवरची टोपी उचल. पोरीची खुर्ची हाये ते." गोवर्धनने टोपी उचलली. "कीड लागलेलं वांगं खाली ठिवून वरून चांगलं रचतेत, तसं माह्या लेकीले दुसऱ्याच्या घरात लोटतं? तुह्या बाजारात चालत असंन. अन् तुमी..." ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उतरलाच. "संक्रांतीले लाडू बांधले होते म्या. तुमी म्हनले, आत्ता नोको, परीक्षा होऊ दे. आजबी डब्यात हायेत ते. दगड झाले त्याचे."

 पाणी तुटलेल्या दिवसांत शेषराव रोज पहाटे कंदील घेऊन बागेत जात. तीनशे झाडं. दुपारी मिटलेलं पान रात्रीतून उघडलं की नाही, हे पहाटे पाहावं लागतं. उघडलं नसेल तर बहार गेला खड्ड्यात, त्याच घटकेला मोट जुंपायची. ही तपासणी त्यांनी आयुष्यात एक दिवस चुकवली नव्हती, सासरे वारले त्या दिवशीसुद्धा. आणि साठ मैलांवर पोरगी होती, जवळच्या वरूडहून मोटार रोज सुटत होती, दिवाळीपासून ते एकदाही आले नव्हते. झाडाला बोलता येत नाही म्हणून ते जाऊन पाहत. पोरीला बोलता येतं, दोन भाषांत येतं, म्हणून गेले नाहीत.

"दौत कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

गोदाबाईने वच्छलेची दौत-टाक आणि डब्यातलं एक कोरं कार्ड दिलं. शेषराव सतरंजीवर पालथे वाकून लिहू लागले. व्यासपीठावर सलग दीड तास बोलणाऱ्या माणसाला चार ओळींना पाव तास लागला. मग त्यांनी मोठ्याने वाचलं : "रा. रा. वामनराव यांस शेषरावचा नमस्कार. चि. वच्छला हिची प्रकृती एकाएकी बिघडल्यामुळे ती यंदा परीक्षेस बसणार नाही. तरी सत्कार रहित करावा."

 वामनरावांचा पोरगा याच परीक्षेला दोनदा बसून दोनदा घरी आला होता. हे कार्ड त्यांना किती गोड लागेल, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शेषराव गुडघ्यांवर सरकत पोरीसमोर गेले. कार्ड तिच्यापुढे धरलं. "असं धाडू काय वं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना एकदम भीती वाटली की ती 'हो' म्हणेल.

वच्छलेने कार्ड हातात घेतलं. वाचलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"नाई," ती म्हणाली.

रुख्मिणीचा हात उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला.

"एकाएकी नाई," वच्छला म्हणाली. आवाज बारीक होता, पेटीवर उभं राहून बोलायचा तो नव्हता. "ते खोडा."

शेषरावांनी 'एकाएकी' खोडलं. एकदा खोडून ते अजून वाचता येत होतं, म्हणून दुसऱ्यांदा खोडलं. मग टाक उचलला नाहीच. 'बिघडल्यामुळे'च्या डोक्यावर, दोन ओळींच्या फटीत, बारीक अक्षरांत त्यांनी घातलं : 'माझ्या हातून'. आणि खाली, जागा उरली होती तिथे : 'तिची कसूर नाही'. कार्डावर शाई फुटली होती आणि अक्षर लेकीच्या अक्षरापुढे फार गबाळं दिसत होतं.

"भाऊ, माह्यापाशी पाकीट हाये," इनायतुल्ला म्हणाला. "कार्ड पोस्टमास्तर वाचते, मंग हाटेलवाला, मंग सारं गाव."

"ठाऊक हाये." शेषरावांनी कार्ड त्याच्या हातात दिलं. "वाचू दे. जाता जाता पेटीत टाक. अन् बागेचं पानी तू पाह्य. हप्त्याचं पानी सोडाचं हाये, एकदम नोको सोडू, हलकं सोड."

"तुमी येत नाई?"

बारा वर्षांत शेषरावांनी बागेचं पाणी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. इनायतुल्ला आणखी काही विचारणार होता, पण त्याने बशी उचलून गोदाबाईला दिली आणि कार्ड खिशात घालून निघाला. गोवर्धनही टोपी घालून उठला. आता खुर्च्या दोन्ही रिकाम्या होत्या. कुणी त्यांवर बसलं नाही.

गोदाबाईने ताट वाढून आणलं, भाकर आणि मुगाची भाजी. "जेवतं काय वं?"

"नाई."

गोदाबाईने ताट झाकून चुलीशी ठेवलं.

शेषराव अजून गुडघ्यांवरच होते. "वच्छे," ते म्हणाले, "मी राहू काय इथी? चार-आठ रोज. तुह्यासंग बोलाले नाई. नुसता."

या प्रश्नाला तिने वेळ घेतला. डोक्यावरचं लुगडं तिने दोन बोटांनी मागं सारलं. कानाच्या वर, केस उपटून पांढरी पडलेली जागा दिसली, रुपयाएवढी. शेषरावांनी नजर काढून घेतली नाही, फार अवघड गेलं तरी. ती त्यांच्याकडे पाहत होती, महिन्याभरात पहिल्यांदा कुणाकडे तरी पाहत होती, आणि त्यात माया नव्हती.

"पाहू," ती म्हणाली.

शेषरावांनी मान हलवली. मग आपलं गाठोडं उचललं, ओसरीवर नेलं आणि तिथे बसून राहिले.